मी जमिनीला टेकलो, पण शरण गेलो नाही

मित्रांनो, जरा पाय उचला. हं, आता ऐका. तुमच्या बुटाखाली होता तो मी, एका जुन्या गाडीच्या ब्रेकचा पायडल. एकदा मी मऊ पडलो आणि घरभर बोलणी खाल्ली. त्या मऊपणाची मला आजही लाज वाटत नाही. का, ते सांगतो.

लोखंडी पत्र्यावर एक दणका बसला आणि मी जन्मलो. तोंडावर रबराची टोपी चढवून मला गाडीत टांगले. शेजारी ॲक्सिलरेटर. त्याचे लाड विचारू नका! तो दाबला की सगळे खूश. मी दाबलो की सगळे पुढे कलंडतात आणि कुरकुरतात. असो. आपण सेवा करावी, कौतुकाचे देव बघून घेईल.

माझा पहिला मालक भाड्याने गाडी चालवणारा. गाणारा आधी सूर लावून बघतो ना, तसा तो गाडी हलवण्याआधी मला एकदा दाबून बघायचा. "तू आहेस म्हणून मी घरी पोचतो बाबा," म्हणायचा. तो थकला आणि गाडी एका शिंप्याकडे गेली.

शिंपी माणूस सोन्यासारखा, पण 'मला जमत नाही' हे वाक्य त्याच्या जिभेला ठाऊक नव्हते. त्याचे घर उतारावर. खाली रस्ता शाळेच्या फाटकासमोरून जायचा. माझे ऑइल काळे झाले, तेव्हा ते बदलायचे त्याने घरीच ठरवले. एवढ्यावर थांबला असता तर! पण पुढच्या चाकांवरचे ब्रेकचे लोखंडी चिमटे गंजलेले दिसले. त्याने दोन्ही काढले, घासले, चंदेरी रंग दिला आणि शिलाईच्या टेबलावर शेजारी-शेजारी वाळत ठेवले. मग पुन्हा बसवले.

चिमटे काढताना ऑइलच्या नळीत हवा शिरली होती, आता ती काढायची. मित्रांनो, मी दाबलो की ऑइल चाकांकडे धाव घेते आणि चिमटे चाकाची चकती आवळतात. ऑइल दबत नाही, हवा दबते. मधे बुडबुडा राहिला की माझा निरोप वाटेतच विरतो.

शिंपी चाकाशी आडवा झाला, चिमट्यावरचा हवा सोडायचा बोल्ट सैल करून त्याला नळीने बाटली जोडली. शिंपीणबाई माझ्यावर पाय देऊन बसल्या.

"दाब!"

"दाबलाय."

"धरून ठेव! सोडू नकोस!"

"धरलाय हो. लग्न झाल्यापासून धरूनच ठेवलंय सगळं."

बाटलीत ऑइल स्वच्छ येऊ लागले, एकही बुडबुडा दिसेना. शिंपी खूश. बाईंनी मला दाबले आणि मी ओल्या कापसासारखा खाली गेलो.

पुन्हा ऑइल, पुन्हा 'दाब', पुन्हा 'सोड'. मी तसाच. सगळे खापर माझ्यावर फुटले. "पायडलच म्हातारा झालाय," शिंपी म्हणाला. मग त्याला शोध लागला, की भराभर तीनदा दाबले की मी कडक होतो.

"झालं काम! तीनदा दाबायचं. उद्या अक्काला दवाखान्यात नेतो."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते.

"थोडं थांबून दाबलं की परत मऊ होतोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही तीन मोजेपर्यंत शाळेतली पोरं रस्त्यात थांबून राहणारेत का?"

"तू शकुन बिघडवू नकोस गं."

तेव्हाच मी ठरवले. ओरबाडून आणलेला कडकपणा खोटा. या माणसाला मी खोटा धीर देणार नाही. शिव्या घाल, लाथ मार, बदलून टाक. माझे उत्तर बदलणार नाही.

सकाळी अक्का पिशवी घेऊन अंगणाच्या फाटकापाशी उभी राहिली. अंगणालाही उतार. शिंप्याने गाडी सोडली, फाटक जवळ आले आणि सवयीप्रमाणे त्याने मला एकदाच दाबले. मी थेट जमिनीला टेकलो. त्याने हँडब्रेक जीव खाऊन ओढला. गाडी अक्कापासून हातभर अंतरावर थांबली.

अक्का जागची हलली नाही. "अरे, मला डॉक्टरकडे न्यायचंय की थेट वर?"

कोणी हसले नाही. अक्का भाड्याच्या गाडीने गेली. शिंपी पायरीवर बसून राहिला. बाईंनी मात्र पदर खोचला आणि चाकाशी वाकल्या.

"अहो, बुडबुडा वर जातो की खाली?"

"वर. का?"

"मग हवा सोडायचा हा बोल्ट खालच्या अंगाला कसा? दुसऱ्या चाकालाही तसाच आहे."

शिंपी उठला. बघतच राहिला. रंग वाळवताना डाव्या-उजव्या चिमट्यांची अदलाबदल झाली होती. हवा वर अडकलेली आणि बाहेर जायचे दार खाली! म्हणून तर बाटलीत फक्त ऑइल येत होते.

"डावी बाही उजव्या खांद्याला लावलीत," बाई म्हणाल्या. "आणि गिऱ्हाइकाला म्हणताय, तुमचाच हात वाकडा!"

आता मात्र तो हसला, डोळे पुसत हसला. चिमटे आपापल्या चाकाला बसवले, पुन्हा 'दाब', पुन्हा 'सोड'. बाटलीत बुडबुड्यांची जत्रा उसळली. आणि मी? पहिल्याच दाबाला अर्ध्यात उभा राहिलो, पहाडासारखा. शिंप्याने मखमलीच्या तुकड्याने माझे तोंड पुसले. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अक्काला घरी आणायला मग मीच गेलो. शाळेच्या फाटकासमोर पोरे रस्ता ओलांडत होती. एकदाच दाबले. थांबलो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची निगा राखा. स्वतः जमले नाही तर जाणत्याला हाक मारा. आणि मी मऊ लागलो तर मला तीन-तीनदा दाबून गप्प करू नका. मी जमिनीला टेकतो ते दमलो म्हणून नव्हे. मला तोंड नाही, म्हणून 'गाडी काढू नका' हे मी असेच सांगतो. उद्याही असेच सांगेन.