'अहो' हा शब्द यादीत नाही

आवाज नीट येतोय ना? नसेल तर आताच सांगा, नुसती मान डोलावून भागणार नाही. मी विमानतळाच्या मनोऱ्यातला हेडसेट बोलतोय.

कारखान्यात मला गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढायला शिकवलं. तिथून निघालो तो थेट एका नियंत्रक बाईंच्या कानांवर बसलो. पाठीमागे सगळे त्यांना 'पुन्हाबाई' म्हणत. वैमानिकानं सूचना जशीच्या तशी परत म्हटल्याशिवाय बाई पुढे सरकायच्याच नाहीत.

कामावर त्यांचा एकेक अंक सुटा, एकेक शब्द ठरलेला. पण मधल्या सुट्टीत मी गळ्यात लटकत असताना यजमानांचा फोन यायचा.

"आज लवकर येशील ना?"

"बघते."

"बघते म्हणजे?"

"अहो, बघते म्हणजे बघते!"

विमानाला असं 'बघते' सांगितलं असतं, तर नोकरी गेली असती.

एका सकाळी दाट धुकं उतरलं. मनोऱ्यातून धावपट्टी दिसेना. एक विमान उतरत होतं आणि दुसरं जमिनीवरून धावपट्टीकडे येत होतं. या दुसऱ्यात होते कॅप्टनसाहेब. तीस वर्षांचा अनुभव आणि रेडिओवरच्या बातम्यांना शोभेल असा भारदस्त आवाज.

"धावपट्टीच्या अलीकडे थांबा," बाई म्हणाल्या.

"कळलं."

"सूचना परत म्हणा."

"बाई, तीस वर्षं हेच करतोय मी."

"सूचना परत म्हणा."

एक मोठा उसासा. मग, "धावपट्टी ओलांडतोय."

बाईंचा श्वास माझ्या माइकवर आदळला. "थांबा! जागीच थांबा!" आणि तिथे ठरलेले शब्द संपले. "अहो, थांबा हो!"

क्षणभर नुसती खरखर. मग उतरणारं विमान गर्जत कॅप्टनसाहेबांच्या नाकासमोरून निघून गेलं.

"थांबलोय." भारदस्त आवाज पार चिरकला होता. "धावपट्टीच्या अलीकडे थांबलोय." या वेळी कुणी विचारलंही नव्हतं.

बाईंनी लगेच पुढच्या विमानाला वाऱ्याची दिशा सांगितली.

दुपारी कॅप्टनसाहेब धापा टाकत जिने चढून वर आले.

"रोज ओलांडायलाच सांगता. मला वाटलं, आजही..."

"वाटलं ना? ऐकलं नाहीत."

"नाही ऐकलं. माफ करा."

"बसा. आधी पाणी घ्या."

पंधरवड्यानं चौकशीचा कागद आला. कॅप्टनसाहेबांना समज मिळाली. बाईंनाही मिळाली: आणीबाणीत 'अहो' हा संमत यादीत नसलेला शब्द वापरल्याबद्दल. दोन विमानं भरून माणसं घरी पोचली, त्याबद्दल कागदात ओळ नव्हती. न झालेल्या अपघाताचा रकानाच नसतो.

बाईंनी घरी फोन लावला. "ऐकलंत का? तुमच्या 'अहो'वर कारवाई झाली." दोघं पोट धरून हसले. मग बाई म्हणाल्या, "सव्वासहाला पोचते."

इतकं सरळ उत्तर यजमानांना लग्नापासून मिळालं नसावं.

आता माझा डावा कान गेलाय. मी कपाटात पडून आहे आणि माझ्या गळ्यात तपासणीची चिठ्ठी बांधलीय: 'समाधानकारक'. एखाद्या धुक्याच्या दिवशी कुणीतरी या शब्दावर विश्वास ठेवून मला डोक्यावर चढवेल, याची धास्ती वाटते. तेवढी चिठ्ठी बदला हो. सरळ 'निकामी' लिहा. मला वाईट वाटणार नाही.