पंधरवड्यातली लोकर

वनमालाबाई खोटं बोलल्या तेव्हा त्यांच्या हातात निरांजन होतं. नंतर त्यांना खोट्यापेक्षा त्या निरांजनाचीच जास्त टोचणी लागली. खोटं काय, पुढाऱ्याच्या घरात उभा संसार केलेल्या बाईला नवं नव्हतं. साहेब आत भाकरी खात असताना "साहेब घरी न्हाईत" असं त्यांनी दारात किती जणांना सांगितलं असेल, त्याची गणतीच नव्हती. पण ते दारातल्या माणसाशी. हे घरातल्या माणसाशी, आणि तेही देवासमोर.

"वैष्णवीच्या डॉक्टरनं तारीख अलीकडं आनलीय," त्या धाकट्या जावेला म्हणाल्या. "मला पितरांच्या पंधरवड्यातच निघावं लागतंय."

वैष्णवी ही त्यांची एकुलती एक लेक. लग्न करून स्कॉटलंडात गेली होती आणि आता पहिलटकरीण होती. तारीख काही अलीकडं आली नव्हती. बाळ दिवाळी झाल्यावर येणार होतं आणि "दसरा करून ये आई, घाई नको," असं तिनंच सांगितलं होतं. घाई आईला होती.

त्या घाईचं कारण मधल्या खोलीत खाटेवर पडलेलं होतं. सासूबाई, म्हणजे दोघी सुनांच्या आत्याबाई, कौशल्याबाई, आषाढात न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचं सगळं खाटेवर. दोघी जावांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. सर्वपित्री अमावास्येपर्यंत धाकट्या शिवकन्येची पाळी, तिथून पुढं थोरल्या वनमालाबाईंची. शिवकन्येचा नवरा विजयसिंह चार वर्षांपूर्वी झोपेतच गेला. त्यानंतर ती गाव सोडून, युसूफ वडगावच्या बाहेर, एक रात्रसुद्धा राहिली नव्हती. यंदा आपली पाळी संपली की नवरात्रात माहेरी, पालीला, भावाकडं जायचं तिनं ठरवलं होतं. आता ते बारगळलं.

लेकीची ओढ खोटी नव्हती. तीन वर्षं लेक मोबाइलच्या काचेतच पाहिलेली. पण खाटेखालचं भांडं, रात्रीच्या हाका, आणि पाठीला पावडर लावताना "धाकटी बरी लावती" हे सासूबाईंचं शेलकं बोलणं, यातून सुटावं ही पण ओढच होती. दोन्हींतली मोठी कोणती, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

"बाळंतपन कुठं पंधरवडा बघतंय व्हय," शिवकन्या एवढंच म्हणाली. "जावा तुमी, अक्का. पाली काय पळून चाललीय?"

इतक्या सहज सुटल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. वनमालाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग बॅग भरणं सुरू झालं. वैष्णवी रोज फोनवरून तिथल्या हवेचा नवा पाढा वाचायची. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी असं वारं की छत्री उलटी होते. जाड एकच काही आणू नको, एकावर एक घालता येईल असं आण, ती सांगे. तशी इकडची हवाही काही शहाणी नव्हती. उत्तरा नक्षत्राचा पाऊस सोयाबीनच्या उरावर बसला होता, आणि मध्येच असं ऊन पडायचं की अंगातून घामाच्या धारा. अशा उन्हात बॅगेत काय घालायचं हे सुचावं तरी कसं?

नवऱ्याला, अमरसिंहांना, मात्र सुचलं. "शाली ने की," ते म्हणाले. "कपाट भरून हायत."

पंचायत समितीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी दुसरं काय असणार? उद्घाटनाच्या शाली, वाढदिवसाच्या शाली, एका मयताच्या कार्यक्रमात चुकून घातलेली शाल. वनमालाबाईंनी एक उजेडासमोर धरली, तर पलीकडचे नवरोजी स्पष्ट दिसले. सत्काराची शाल थंडीसाठी नसते, फोटोसाठी असते. कपाट बंद झालं.

"आंबाजोगाईहून एक चांगलं जाड जाकीट आनू," अमरसिंह म्हणाले.

"पंधरवड्यात नवं कापड घरात यायचं न्हाई," मधल्या खोलीतून आवाज आला. कौशल्याबाईंचं हाड मोडलं होतं, कान शाबूत होते. "पितर जेवायला येतेत आन् तुमी बाजार करता व्हय?"

यावर कुणाचं काही चालणारं नव्हतं. वनमालाबाईंनी सुती ब्लाउजवर सुती ब्लाउज असे थर मोजून पाहिले. आपण दसऱ्यानंतर निघालो असतो तर दुकानात जाऊन हवं ते आणलं असतं, हा विचार आला आणि त्यांनी तो झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवकन्या एक स्वेटर घेऊन आली. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, पुरुषी, रुंद खांद्यांचा. वनमालाबाईंनी तो लगेच ओळखला. लग्नाच्या पहिल्या वर्षी शिवकन्येनं तो विजयसिंहासाठी विणला होता. हिवाळ्यात शेताला लाइट रात्रीचीच असायची. गव्हाला पाणी द्यायला निघताना तो हाच स्वेटर चढवायचा आणि पहाटे चिखलानं भरून यायचा. एका कोपराला रफू होतं. शेकोटीची ठिणगी उडून पडलेलं एक भोक होतं.

"हे तुमाला ढगळ हुतंय," शिवकन्या म्हणाली. "उसवते आन् तुमच्या मापाचं विनते. नवी लोकर आनायची न्हाई ना? ही जुनी हाय."

"अगं, त्यांचं हाय ते."

"त्यांचंच हाय. पेटीत पडून डांबरगोळ्या खायलंय. वैष्णवी त्यांच्या खांद्यावर बसून पोळा बघायला जायची. तिच्या कामाला आलं तर त्यांनाबी बरंच वाटंल."

तिनं कात्री घेतली. एका क्षणाचा प्रश्न होता. "थांब, तारीख बदलली न्हाई, मी खोटं बोलले," एवढंच म्हणायचं होतं. वनमालाबाईंनी तोंड उघडलंही. पण कात्री गळ्याशी एकदा कट्कन वाजली, आणि टाके आपसूक सुटायला लागले.

"हात धरा, अक्का."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. शिवकन्या उसवत गेली आणि लोकर त्यांच्या मनगटांभोवती गुंडाळत गेली. ती सरळ नव्हती. इतकी वर्षं टाक्यांत बसून तिला वळ्या पडल्या होत्या आणि प्रत्येक वळीत धुराचा, मातीचा वास होता. आधी एक बाही गेली. मग दुसरी, रफूसकट. वनमालाबाई आपल्या बांधलेल्या हातांकडं बघत बसल्या. त्यांना आपली लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही आपण गप्प आहोत याची त्याहून जास्त.

तेवढ्यात वैष्णवीचा व्हिडिओ कॉल आला. शिवकन्येनं मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला.

"काकू, काय चाललंय? आईला अटक केलीस का?" लेक हसली.

"तुज्या आईला स्वेटर करायलेय. तब्येत काय म्हनती?"

"मस्त. आज इथं दिवसभर ऊन होतं आणि आता गारा पडतायत. आई, तू एवढ्या लवकर येतीयस तर—"

वनमालाबाईंनी हात हिसडले. फोन बंद करायला मोकळं बोट कुठं होतं? लड मनगटावरून सुटली, मांडीवर पडली आणि लोकरीचा असा गुंता झाला की दोघीही त्याच्यावर वाकल्या. "आवाज येईना, ठेव आता," असं त्या मोबाइलकडं न बघताच म्हणाल्या. आवाज तर खणखणीत येत होता.

शिवकन्येनं ऐकलं की नाही, ते कळेना. ती मान खाली घालून गुंता सोडवत राहिली. बराच वेळ.

पुढचे दिवस वनमालाबाईंना खायला उठले. शिवकन्येनं लोकर कोमट पाण्यातून काढली, पावसामुळं बाहेर वाळेना म्हणून चुलीपाशी दोरीवर टाकली, वळ्या जाव्यात म्हणून खाली तांब्या बांधला. मग सुया चालू झाल्या. सासूबाईंना भरवून झालं की विणायची, अंथरूण बदललं की विणायची. दशमीला विजयसिंहाची तिथी होती. त्याच्या नावाचं पान वाढून झालं आणि शिवकन्या पुन्हा सुया घेऊन बसली. तिच्या मांडीवर बाही वाढत होती. उद्या सांगू, वनमालाबाई मनाशी म्हणायच्या. उद्या आला की बाही आणखी बोटभर लांब झालेली असायची, आणि सांगणं तेवढंच अवघड.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, स्वेटर पुरा झाला. बॅग सोयाबीनचे कट्टे तोलायच्या काट्यावरून उतरवून दारात ठेवली होती.

"घालून बघा."

त्यांनी घातला. अंगाला असा बसला की जणू त्यांच्यासाठीच लोकर घेतली होती. शिवकन्या मागं गेली, खालची पट्टी ओढून सारखी केली, आणि मग तिचा तळवा वनमालाबाईंच्या पाठीवर आला. पट्टी तर सरळ झाली होती. तळवा तिथंच राहिला. थोड्या वेळानं चटका बसल्यासारखा तिनं तो काढून घेतला.

वनमालाबाईंना ते सहन झालं नाही.

"शिवकन्या, तारीख अलीकडं आली न्हाई," त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या. "दिवाळीच्या पुढंच हाय. मला आत्याबाईंचं करायचा कंटाळा आलता, म्हनून मी खोटं बोलले. तुजी पाली माज्यामुळं गेली, आन् हेबी."

त्या वळल्या. शिवकन्या रडत नव्हती. राहिलेला लोकरीचा धागा ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आदी कावून न्हाई सांगितलं?"

"जीभ रेटली न्हाई."

"म्या गळा कापला तवा तुमी समोर बसल्या हुत्या. हात धरून."

वनमालाबाईंनी स्वेटर अंगातून काढायला घेतला.

"थंडी तरी खरी हाय का?" शिवकन्येनं विचारलं.

"हाय. ती खरी हाय."

"तिकीट बदलता येतं?"

"येतं."

"मग बदला. अमुशापर्यंत माजी पाळी हाय, ती म्या करते. दुसऱ्या दिवशी पालीला जानार. दसरा करून येते, मग तुमी जावा."

एवढं बोलून ती सासूबाईंना औषध द्यायला आत गेली. अमरसिंहांना तिकिटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि कारण विचारलं नाही. पुढारी माणसाला कोणता प्रश्न विचारायचा नाही, ते बरोबर कळतं. वनमालाबाईंनी बॅग उघडून एकेक कपडा परत कपाटात लावला. पुढचे दिवस शिवकन्या त्यांच्याशी नीट बोलली, मीठ कुठं आहे, दूध आलं का, सगळं. त्या नीट बोलण्यानंच त्यांचा जीव जायचा.

घटस्थापनेच्या सकाळी तिचा भाऊ शहादेव मोटारसायकल घेऊन आला. पंधरवडा संपला होता. आता वाटलं तर दहा जाकिटं आणता आली असती. वनमालाबाई स्वेटर घडी करून पिशवीत घालून घेऊन आल्या आणि त्यांनी तो शिवकन्येपुढं धरला.

"हे तुज्याजवळ असू दे. मला काय तोंड हाय घालायला?"

शिवकन्येनं पिशवीत हात घातला. लोकर बोटांनी चाचपली, बाहीच्या टोकापर्यंत. मग पिशवी परत वनमालाबाईंच्या हातात दिली.

"मला काय करायचंय, अक्का?" ती म्हणाली. "तुमच्या मापाचं हाय आता ते."

ती मोटारसायकलवर बसली, पदर खोचून घेतला, आणि गाडी वळणापलीकडं गेली. आतून सासूबाईंनी धाकटीच्या नावानं हाक मारली. वनमालाबाईंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि आत गेल्या.