जगनही बाहेर!

पनवेलच्या रक्तदाता मंडळात तीन कॉम्प्युटर होते आणि सुनिताताईंचा त्यांच्यावर फार जीव. सगळ्या रक्तदात्यांची नावं, फोन आणि रक्तगट एकाच फायलीत, आणि ती फाइल आतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. बाहेरच्या दोन कॉम्प्युटरांवर रूपा आणि जगन तारेवाटे तीच उघडायचे. कोणी तिच्यात लिहीत असताना मोठा कॉम्प्युटर बंद झाला, की फाइल बिघडलीच म्हणायची. गणपतीत एकदा तशी बिघडली, तेव्हापासून बटणाला हात लावण्याआधी ताई ओरडून विचारत, "आत कोण आहे?" मग प्रत्येकाने फाइल बंद करून "मी बाहेर!" म्हणायचं. रूपाला हा नुसता पोरखेळ वाटे.

त्या खंडेनवमीला तर रूपाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मालूवहिनी बाळंतपणासाठी सकाळीच दवाखान्यात गेली होती. रूपाला आई नव्हती. वहिनीनेच वेण्या घालून तिला शाळेत धाडलेलं. पूजा उरकली की ती पळणार होती, पण पूजा उरकेल तर शपथ! चालू यंत्राची पूजा करत नाहीत, म्हणून मंडळाचे हरेशभाऊ अडून बसलेले. त्यात फायलीची रोजची नक्कल ठेवायच्या फ्लॉपीला रूपा कुंकू लावणार, तोच ताईंनी तिचा हात धरला.

"फ्लॉपीला नको, डबीला लाव."

"आता देवालाही नियम लावा तुम्ही!" रूपा फणकारली.

ताईंनी फ्लॉपी डबीत ठेवून झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "आत कोण आहे?"

"मी बाहेर!" रूपा म्हणाली. जगन झेंडू आणायला गेला होता. त्याची वाट बघायची म्हणजे आणखी खोळंबा. शाळेत मैत्रिणीची हजेरी लावावी तसं तिने बिनदिक्कत म्हणून टाकलं, "जगनही बाहेर!"

हरेशभाऊंनी बटण बंद केलं. डबीवर कुंकू चढलं, पाणी शिंपडलं, नारळ फुटला. जगन फुलं घेऊन आला, आतला बंद पडदा त्याने पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, माझी फाइल उघडीच होती. ओवे गावच्या शिबिरातली नावं भरता भरता उठलो होतो."

कोणी काही बोलायच्या आत फोन वाजला. रूपाच्या दादाचा होता. मुलगी झाली, पण वहिनीचं रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह हवं, दवाखान्यात एकच बाटली आहे. "तुमच्याकडे नावं आहेत ना गं?" दादाचा आवाज रडवेला झाला होता.

पूजेनंतर दसऱ्यापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, हा नियम हरेशभाऊंचाच. त्यांनी स्वतःच फुलं बाजूला सारली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. फाइल काही उघडेना.

"ताई, जगनचं मी न बघता सांगितलं," रूपाला हुंदका आवरेना.

ताईंनी फुलांखालून डबी काढली. झाकणावरून लाल पाणी ओघळत होतं. आत ओल गेली असेल तर? ताईंनी पदराने डबी पुसली आणि फ्लॉपी आत सरकवली. यंत्र कुरकुरत राहिलं. रूपाने गावदेवीपासून एकवीरेपर्यंत सगळ्यांना साकडं घातलं. मग एकदाची कालची नावं पडद्यावर उतरली.

ओ निगेटिव्हवाल्यांतला पहिला फोन कोणी उचलला नाही. दुसरा माणूस गावाला गेलेला. तिसरा कोन गावचा सुदाम, शेजारच्या दुकानातल्या फोनवर धावत आलेला. "मी हाय. गाडी नाय, पन येतो कसा तरी." जगन स्कूटर घेऊन त्याला आणायला सुटला.

दसऱ्यानंतर मंडळ उघडलं तेव्हा रूपाने ताईंच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. वहिनी आता पेज पीत होती.

संध्याकाळी रोजच्यासारखी हाक आली. "आत कोण आहे?"

"मी बाहेर!"

"आणि जगन?"

जगन चहाला गेला होता. रूपाचं तोंड सवयीने उघडलं आणि तसंच मिटलं. ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली. फाइल सताड उघडी होती.

"थांबा, ताई!" ती इतक्या जोरात ओरडली, की रस्त्यापलीकडे जगनच्या हातातला चहा सांडला.