जाऊन येतो

"हे 'जाऊन येतो' काय भानगड आहे?" प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि थेट पडद्यावरच बोट टेकवलं. "पोरानं फॉर्म भरला, काम झालं, आता साइट बंद करायची. तिथं 'बाहेर पडा' पाहिजे. हे काय पाहुण्यावानी?"

"सर, 'बाहेर पडा' म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं," विरेश म्हणाला. "आपल्याकडं निघताना कुणी नुसतं 'जातो' म्हणत नाही."

"अहो, कॉलेज हाय हे. सासुरवाडी न्हाय."

कुमार खो खो हसला. ऑफिस कुमारचं होतं, धाराशिवच्या बसस्थानकासमोर, एका मेडिकलच्या डोक्यावर. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, हा त्याचा शिरस्ता. "बदलून टाकतो सर," त्याने विरेशच्या वतीने कबूलही करून टाकलं.

विरेशने मान डोलावली. वय एकेचाळीस, त्यातली सतरा वर्षं वेबसाइटी करण्यात गेलेली. या धंद्यात एकेचाळिशीचा माणूस म्हणजे पेन्शनीतच जमा. आताशा कुमार एआयच्या यंत्राला चार ओळी सांगायचा आणि चहा निवायच्या आत साइट तयार व्हायची. विरेशची खुर्ची टिकली होती ती एवढ्याचसाठी, की यंत्र अजून मराठी जोडाक्षरं मोडून ठेवत होतं. ज्या दिवशी त्याला 'प्राचार्य' नीट लिहिता येईल, त्या दिवशी आपल्या हातात नारळ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि ते 'जाऊन येतो' काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ते माकणीच्या मथुरामावशीचं होतं.

विरेशची आई तो लहान असतानाच गेली. तेव्हापासून दर मे महिन्यात आठ दिवस तो मावशीकडे माकणीला जायचा. लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. हा धाराशिवच्या उन्हातून उठून माकणीच्या पत्र्याखाली जाऊन बसायचा. संध्याकाळी धरणावर एक चक्कर, बाकी दिवसभर वस्तूंकडे बघत बसणं. तांब्याचा गळा असा का, तर ओल्या हातातून निसटू नये म्हणून. दाराची कडी इतकी खाली का, तर डोक्यावर घागर असलेल्या बाईला हात वर नेता येत नाही म्हणून. असलं काहीबाही तो आपल्या स्वतःच्या साइटवर लिहायचा. वाचणारे पाच-सात, त्यातले दोघे केस उगवायचं तेल विकणारे.

"तुझं काम काय रं नेमकं?" मावशीने एकदा विचारलं होतं.

"माणूस कुठं बोट ठेवणार हे आधीच ओळखायचं आणि तिथं बटण ठेवायचं."

"म्हंजी उंबऱ्यापशी चप्पल सुलटी करून ठिवल्यावानी." मावशीने त्याची सतरा वर्षं एका वाक्यात गुंडाळली आणि भाकरी उलटवली.

तिच्या घरातून जाणाऱ्याला एक रीत पाळावी लागे. दाराशेजारी भिंतीत छोट्या कोनाड्यासारखी देवळी होती आणि देवळीत विभूतीचा गोळा. कुणीही निघालं की मावशी त्या गोळ्यावर तीन बोटं फिरवी, जाणाऱ्याच्या कपाळावर तीन ओळी ओढी आणि म्हणे, "होगी बा." म्हणजे जाऊन ये. कर्नाटक तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिची मराठी निरोपाच्या वेळी हटकून कानडीत शिरायची. निघणाऱ्याने "जाऊन येतो" म्हणायचं. चुकून "जातो" तोंडातून गेलं तर ती हाताला धरून आत बसवायची, पाणी पाजायची आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला लावायची. विरेशच्या आयुष्यात त्याची परत येण्याची वाट बघणारं एवढं एकच दार होतं. लग्न जमलं नाही, आणि मग जमवायचंच राहून गेलं.

प्राचार्य जिना उतरून गेले आणि विरेशचा फोन वाजला. मावशीचा मुलगा शिवपुत्र.

"दादा, अव्वा परत गेली बघा. तुमच्या समोरच स्टँडवर हाय म्हणं. जरा बघता का? मी ऑफिसातनं निघालोच."

शिवपुत्र धाराशिवलाच कारकून होता. मावशीचं विसरणं वाढलं, एकदा गॅस तसाच चालू राहिला, तेव्हा संक्रांतीनंतर त्याने तिला आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. माकणीचं घरही विकून टाकलं. तेव्हापासून ती तीनदा निसटली होती.

मावशी लोहाऱ्याच्या गाडीच्या फलाटाला बसली होती. अनवाणी. तळपायाला डांबर लागलेलं, पण पदर डोक्यावर नीट.

"विऱ्या, बरं झालं आलास. माकणीची गाडी कुठं लागती रं? कुणीच सांगंना."

"मावशी, पायात काही नाही."

"घरीच ऱ्हायली की चप्पल. घरी जाऊनच घालायची न्हवं?"

विरेशने आपल्या चपला तिच्या पायात सरकवल्या आणि रिक्षाला हात केला.

फ्लॅटवर शिवपुत्रची बायको मंजुषा दारातच उभी होती, रडून डोळे सुजलेले. टेबलावर नवंकोरं कुलूप, किल्ल्यांचा जुडगा अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

"बाहेरनं लावायचं आता," ती म्हणाली. "दुसरं काय करू दादा? आत्ता सुट्टी हाय म्हणून घरी हाय मी, जूनपासनं माझी शाळा. मागल्या मंगळवारी घंटाभर लावून बघितलं. दार बडवून बडवून हात सुजवून घेतले अव्वांनी. 'कोंडलंय मला' म्हणून वरडत होत्या. गिरिजाबाई शेजारनं धावत आल्या."

"आईला कोंडून नोकरीला जायचं, दादा," शिवपुत्र मान खाली घालून म्हणाला. "पर उद्या गाडीखाली आली तर?"

मावशी चपला तशाच घालून सोफ्यावर बसली होती आणि दाराकडे बघत होती. विरेशने तिची नजर पाहिली. अख्ख्या खोलीत तिला तेवढं एकच दिसत होतं.

"मला चार दिवस द्या," तो म्हणाला. "कुलूप लावू नका."

सतरा वर्षं त्याने एकच गोष्ट घोकली होती: जे दिसतं, त्यावर माणूस बोट ठेवतो. मग जे दिसतच नाही, ते माणूस कशाला उघडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो लोहाऱ्याला गेला, तिथून जीपने माकणीला. दरवर्षीची आठ दिवसांची सुट्टी यंदा तासाभराची होती. शेजारचे वजीरभाई किल्ली घेऊन उभेच होते.

"मथुराक्का कंदी येणार?" त्यांनी कुलूप काढता काढता विचारलं.

"येईल की."

वजीरभाईंनी दार ढकललं. "पंधरा तारखेला नवा मालक पाडायला येतोय. लई जुनी भित हाय ही. भूकंपात समदं घर बसलं, ही तेवढी उभी ऱ्हायली. अक्का म्हणायची, देवळीतल्या इबुतीनं धरून ठिवली."

नंतर बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांना पाठ देऊन ती मातीची भिंत अजून ताठ उभी होती. पिवळसर मातीनं दिलेला पोतेरा, खुंटीला रिकामी पिशवी, मागल्या वर्षीचं कॅलेंडर. दाराशेजारी देवळी, देवळीत बोटांनी झिजून मधे खोलगट झालेला पांढरा गोळा. विरेशने खिडकी उघडून उजेड घेतला आणि तीस-चाळीस फोटो काढले. गोळ्यावर तीन बोटांचे माग होते, तेही टिपले. इतका जीव लावून त्याने कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

"ती इबूत घिऊन जावा की," वजीरभाई म्हणाले. "अक्काला लागंल. माझ्या पोरास्नी बी लावायची ती, परीक्षेला निघाले की. आमच्यात चालत न्हाय, पर म्या कंदी न्हाय म्हनलो न्हाय. पोरं पास व्हायची."

विरेश कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "राहू द्या. तिथं आहे तशीच फोटोत छान दिसतेय."

निघताना त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. वजीरभाई कुलूप लावत होते.

फ्लेक्सवाल्याने आजवर वाढदिवस आणि श्रद्धांजली यांखेरीज काही छापलं नव्हतं. "साहेब, भित छापायची? नुसती भित? कुणाचा फोटो बी न्हाय?" तो दोनदा विचारून खात्री करून घेत राहिला. चमक नको, रंग उन्हातल्या मातीचा यायला हवा, यासाठी विरेशने तीन वेळा छापून घेतलं. चौथ्या दिवशी मंजुषा मावशीला घेऊन देवळात गेली, तेवढ्यात दोघा मावसभावांनी दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत आणि शेजारच्या भिंतीवर हातभर ते मातीच्या भिंतीचं छापील चित्र चिकटवलं. कडी काढून टाकली. लॅच कॅलेंडरच्या चित्राआड दडवला. चित्राच्या कडेखाली बोट घातलं तरच दार उघडायचं.

मावशी आली, मंजुषाने तिला आत नेऊन पाणी दिलं. मग ती बाहेरच्या खोलीत आली आणि थबकली. बराच वेळ बघत राहिली. जवळ जाऊन खुंटीवरून, कॅलेंडरवरून तळहात फिरवला.

"आलो बाई घरी," ती म्हणाली आणि त्या भिंतीसमोर मांडी घालून बसली.

शिवपुत्र बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, तुमच्या हातात जादू हाय." सतरा वर्षांत विरेशच्या कामाचं असं कौतुक, ज्याच्या पुढे 'पण' आला नाही, हे पहिलंच.

त्यानंतर मावशी एकदाही निघाली नाही. माकणीचं नावसुद्धा काढेना. घरीच असलेला माणूस घरी जायचं कशाला म्हणेल? दिवसभर चित्रातल्या भिंतीसमोर बसायची, शेंगा फोडायची. कुणी आलं तर कुठून आलं हे तिला कळायचं नाही, आणि ती विचारायचीही नाही. कुलूप पिशवीसकट कपाटावर पडून होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात यंत्राला 'प्राचार्य' लिहिता आलं. कुमार मनाने वाईट नव्हता, त्याने सरळ काही सांगितलं नाही. "दादा, यंदा तुमची माकणी नीट झालीच न्हाय की. जावा निवांत. घाई करू नका यायची." विरेशला समजलं. शेवटचं काम म्हणून त्याने इतके दिवस बदलायचं टाळलेलं 'जाऊन येतो' आपल्या हाताने पुसलं आणि तिथं 'बाहेर पडा' लिहिलं. दुपारी सामान पिशवीत भरून तो खाली उतरला.

नंतरच्या रविवारी तो मावशीकडे गेला. नोकरीचं तिला सांगणार होता; मग वाटलं, कशाला. दोघांनी शेंगा फोडल्या. ऊन कलल्यावर तो उठला.

"मावशी, जाऊन येतो."

महिन्याभरात ते शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारले नव्हते. सगळे गपचूप, तिची पाठ असताना निघायचे. मावशीने लगेच शेंगांची परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सरळ देवळीकडे गेली. उजव्या हाताची तीन बोटं गोळ्यावर फिरवली.

बोटं फ्लेक्सवरून घसरली. तिने पुन्हा फिरवली. मग नखाने खरवडलं. कोरडा, प्लास्टिकचा आवाज झाला. बोटं डोळ्यांजवळ नेऊन तिने निरखली.

"इबूत हाताला येईना रं."

'अक्काला लागंल,' असं वजीरभाई सांगत होते आणि आपण उजेड बघत होतो. पंधरा तारीख तर होऊन महिना होत आला. भिंत पडली, हे वजीरभाईंनी फोनवर सांगितलं होतं. इबुतीचं ते काही बोलले नव्हते, आणि विरेशनेही विचारलं नव्हतं.

"राहू दे मावशी."

"राहू दे कसं? रिकाम्या कपाळानं जातोस व्हय?"

तिने आणखी एकदा, लहान मुलाला गोंजारावं तशी, त्या चित्रावर बोटं फिरवली. मग ती कोरडी बोटं त्याच्या कपाळावर ठेवली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश तीन ओळी ओढल्या.

"होगी बा."

आणि ती उभी राहिली, त्याला जाताना बघायला. माकणीला तो वळणाआड जाईपर्यंत अशीच उभी राहायची. विरेश भिंतीसमोर उभा होता. कॅलेंडरखाली बोट घातलं की भिंत उघडणार, आणि महिन्याभराची तिची शांती त्या फटीतून निघून जाणार. तो हलला नाही.

"जा की. गाडी चुकंल," मावशी म्हणाली.

"जातो." तोंडातून निसटून गेलं. मावशीने त्याला हाताला धरून आत बसवलं नाही. पाणीही दिलं नाही. बहुधा ऐकलंच नसावं, किंवा तेही विसरलं असावं.

मंजुषाने आतून हाक मारली, "अव्वा, चला, चहा निवतोय." मावशी हळूहळू वळली. तिची पाठ स्वयंपाकघराच्या दाराआड गेली तशी विरेशने भिंत उघडली, बाहेर पडला आणि आवाज होऊ न देता लावून घेतली. चपला घातल्या नाहीत, हातातच धरल्या.

तो एक जिना उतरला असेल नसेल, वरून मावशीचा आवाज आला.

"विऱ्या कुठनं गेला गं?"

मंजुषा काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने कपाळावरून हात फिरवून बघितला. मग पायरीवर बसून चपला घातल्या.