आणि इतर नातेवाईक

"कागद दाखवा," बाई म्हणाली. "मंगळवारचा. रुहिग्वांच्या मयताचा."

बुसिंगेने आधी रीतीप्रमाणे तिचं मानाचं हाकेचं नाव विचारलं.

"अकिकी. मी कोबुगाबे, रुहिग्वांची थोरली मुलगी. आणि तुमचं हाकेचं नाव अराली, ठाऊक आहे मला. अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे."

हे मात्र खरं होतं. बावीस वर्षं तो फोर्ट पोर्टल शहराच्या रेडिओवर संध्याकाळी साडेसहाला मयताच्या बातम्या वाचत होता. त्याचा आवाज आला की घराघरांत ताटावरचे हात थांबत. कोण गेलं, माती कधी, आणि कुणाकुणाला बोलावलंय, त्यांची नावं. त्या नावांवर फार काही अवलंबून असे. घरात भांडण असलं, तर ज्याचं नाव आलं नाही तो मातीला जात नसे. बोलावणंच नाही, असा त्याचा अर्थ होई. बुसिंगेला या कामाचा अभिमान होता. बाजारात लोक त्याला रांगेत पुढे घेत, आणि तोही खुशाल पुढे जाई.

"फाईल शोधावी लागेल," तो म्हणाला. फाईल त्याच्या कोपराखालीच होती.

"चौदा वर्षं बाबा माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं ना मी! मंगळवारी सासरी, कासेसेत, रेडिओला कान लावून बसले होते. भावांची नावं आली, चुलत्यांची आली, त्या दारुड्या मावसभावाचंसुद्धा आलं. माझं नाही. मग नाही गेले. आता भाऊ निरोप धाडतात, बापाच्या मातीलाही आली नाहीस, दगड आहेस. अराली, नाव नव्हतं तर नव्हतं म्हणा. मी रडणार नाही. पण कळू तरी द्या."

'नव्हतं' एवढं म्हटलं असतं, तर ती निघून गेली असती. त्या दिवशी बारा मयतं होती आणि सातला फुटबॉलचा सामना लागायचा होता. यादी लांबली की शेपटाकडची नावं गिळून 'आणि इतर नातेवाईक' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कुणी कधी ब्र काढला नव्हता; मयताच्या घरी त्या संध्याकाळी रेडिओ कोण ऐकतो! बुसिंगेने फाईलवरचं कोपर उचललं. त्याने कागद काढून दिला.

तिने तो उभ्यानेच वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. 'आणि थोरली कोबुगाबे, असेल तिथून. बाबांनी जाताना तिचंच नाव घेतलं.'

"हे वाचलंच नाहीत तुम्ही?"

"नाही."

"का?"

"मॅच होती."

बोलता बोलताच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"आज वाचा," ती म्हणाली. "मी इथे बसून नाही ऐकणार. माहेरी जाते, किबिटोची गाडी धरते. भाऊ अंगणात रेडिओ घेऊन बसलेले असतात. त्यांच्यासमोर ऐकायचंय मला."

"साडेसहाला वाचतो, अकिकी. देवाशपथ."

"देवाला कशाला मध्ये घालता? तुम्ही वाचा म्हणजे झालं."

ती गेल्यावर त्याने लिहायला घेतलं. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहिलं, खोडलं. 'वेळेअभावी' लिहिलं, तेही खोडलं. खिडकीतून गाडीतळ दिसत होता. गाडी भरल्याशिवाय हलत नाही. पावणेसहा झाले तरी ती तशीच उभी होती, आणि तिच्या खिडकीशी अकिकी, मांडीवर पिशवी घेऊन. गाडी सुटली तेव्हा सहा वाजायला पाच मिनिटं होती. किबिटो तासाभरावर.

साडेसहाला त्याने माईक सुरू केला. नऊ मयतं होती. त्या दिवशी त्याने एकही नाव गाळलं नाही. भाचे, सुना, मानलेल्या बहिणी, सगळे सावकाश वाचले. गेल्या बावीस वर्षांत असे किती जण आपण गिळले असतील, याचा त्याला हिशोब लागेना. सात वाजले. काचेपलीकडून मॅनेजर घड्याळाकडे बोट दाखवू लागला.

"मंगळवारी रुहिग्वांच्या यादीत त्यांची थोरली मुलगी कोबुगाबे हिचं नाव होतं," बुसिंगे म्हणाला. "वडिलांनी तिला बोलावलं होतं. ते नाव मी वाचलं नाही. मी, बुसिंगे अराली. मला सामन्याची घाई होती. ती आली नाही, यात तिचा दोष नाही."

मॅनेजर काचेवर थापा मारू लागला. बुसिंगेने मान खाली घातली आणि गाडी अजून वाटेत असली तर, म्हणून ते सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.