वरातीची क्लचप्लेट

चाकाच्या शोधानंतर मानवजातीनं टाकलेलं सर्वांत मोठं पाऊल शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडलं, असं संपतचं प्रामाणिक मत होतं. त्यानं आठशेच्या छोट्या मोटारीत तेराशेचं इंजिन बसवलं होतं. पाऊल पडलं ते २००३ साली, आणि सात आठवड्यांत क्लच जळाला.

जळाला तो वेगानं नव्हे. शंभराच्या पुढे ही गाडी अशी काही पळे, की रांजणगावच्या कारखान्यातली पहिली पाळी आणि तिथला सुपरवायझर दोघंही संपतच्या डोक्यातून जात. पण मावसभावाच्या लग्नात नवरदेव मागच्या सीटवर बसला, पुढं बँड लागला, बँडपुढं पोरं नाचू लागली आणि अडीच तास गाडी अर्ध्या क्लचवर मुंगीच्या चालीनं सरकत राहिली. धूर निघाला तेव्हा करवल्यांना वाटलं, कुणीतरी ऊद लावलाय. वासाचं कौतुकही झालं.

संपतचे वडील ज्योतिबा कमी बोलत. त्यांनी एकदाच सांगितलं, की महिन्याभरात संपतच्या बहिणीचं, प्रगतीचं, लग्न आहे. जावयाला मारुतीच्या देवळातून मांडवात याच गाडीतून आणायचं. गाडी नीट चालली तर राहील. न्हाई चालली, तर ती देऊन कांदा वाहायला पिकअप आणायची.

देऊळ ते मांडव पाऊण किलोमीटर. संपतच्या गाडीला सत्तावीस सेकंदांचं काम.

तो गाडी ट्रॅक्टरला बांधून दौंडला गेला. स्टेशनच्या मागं भिमाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. भिमाजीनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर दोन क्लचप्लेटा मांडल्या आणि स्थळं दाखवायला बसल्यासारखा मागं रेलला. एक साधी, कंपनीची; स्वभावानं मऊ, पण इंजिन थोरलं असल्यानं घसरणार आणि वरातीत जळणार. दुसरी पुण्याहून आलेली, शर्यतीच्या गाड्यांची. तिला अस्तराच्या जागी तांब्याची जाड बटनं होती. भिमाजीचा सल्ला असा होता, की साधीच टाका आणि वरातीला जीप सांगा. पण जीप सांगितली म्हणजे गाडी गेलीच. संपतनं बटनांवरून अंगठा फिरवला.

"ही जळती का?"

"ही कशाला जळतीया? ही घसरतच न्हाई," भिमाजी म्हणाला. "एक तर धरती, न्हाई तर सोडती. मधलं काय तिला ठावंच न्हाई."

संपतला ही स्तुती वाटली. त्यानं गॅरेजसमोरच्या टपरीवर चहा पिताना पुन्हा विचार केला आणि त्याला त्यात कुठं फट सापडली नाही. घसरल्यामुळं क्लच जळतो. ही घसरत नाही. म्हणजे ही जळणार नाही. एवढा शुद्ध विचार त्या टपरीवर त्याआधी कुणी केला नसावा. भिमाजीनं तांब्याची प्लेट बसवून दिली. शिरूरपर्यंत गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी आली.

लग्नाच्या दिवशी भांडगावचा जावई हनुमंत फेटा बांधून, कट्यार धरून मागं बसला. बँडनं सूर धरला. संपतनं क्लच हळूच सोडला. प्लेटनं धरलं. गाडी एक उडी मारून ढोलवाल्याच्या पाठीला टेकली आणि बंद पडली. हनुमंतचा फेटा पुढच्या सीटवर आला. फेटा परत पोचता केला, पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा उडी. चौथ्या उडीला जावयाच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि मुंडावळ्या त्यावर नीट बसेनात. पाचव्या उडीआधीच ढोलवाला बाजूला जाऊन उभा राहिला. क्लच मात्र जळाला नाही. धुराची एक रेघसुद्धा नव्हती.

मग हनुमंतच्या मामांनी, साहेबरावांनी, कोट काढला आणि गाडी ढकलायला पोरं बोलावली. इंजिन बंद. गाडी अशी अलगद निघाली, की म्हाताऱ्या बायांनी म्हटलं, आत्ता कुठं चालवायला लागला.

ज्योतिबा खिडकीच्या बाजूनं चालत होते. मघाशीच त्यांनी न्हावऱ्याच्या एका पाहुण्याला, त्याच्याकडची पिकअप कुठल्या सालची हाय, ते विचारलं होतं. संपतनं ऐकलं होतं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून तो म्हणाला, "आबा, हिला अर्धा क्लच न्हाई, एवढंच. बाकी गाडीत काय खोट न्हाई."

ज्योतिबा चालत राहिले. मांडव दिसू लागला तशी गाडी जड झाली. साहेबरावमामा घामानं निथळले. ज्योतिबांनी खिडकीत वाकून लेकाच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. संपतला वाटलं, आता विरघळले.

"संपत," ते म्हणाले, "ब्रेकवरचा पाय तेवढा काढ. मामा दमल्यात."