तारखेची ओळ

‘‘बाई, इथे लिहिलंय की ही नोंद पुढच्या वर्षी बदलली,’’ फोनवरचा माणूस म्हणाला. ‘‘पुढचं तुमच्याकडे आधीच कळतं का?’’

वहिनींनी पडद्यावर तीच नोंद उघडली. तारीख खरोखरच पुढच्या वर्षातली होती.

‘‘ती आम्ही लिहिलेली नाही. ज्यांची नोंद, त्यांनीच लिहिलीय. नंबर लावून पाहिलात?’’

‘‘सकाळपासून तेच करतोय. तिथे पोहण्याचे वर्ग निघाले. तिथल्या बाई म्हणाल्या, सकाळची बॅच भरली, संध्याकाळी जागा आहे. मी म्हटलं, बाई, मी आधीच गळ्यापर्यंत बुडालोय.’’

वहिनींना हसू आले, पण माणसाचा आवाज थकलेला होता. तो एका रुग्णालयाचे संगणक सांभाळत असे. बाहेरच्या कुठल्यातरी बिघडलेल्या यंत्रावरून निरर्थक संदेशांचा लोंढा येत होता आणि रुग्णालयाची लाइन तुंबली होती. हाडांचे फोटो दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जाईनात. एका आजींचे ऑपरेशन त्यामुळे अडून बसले होते.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. कुठले पत्ते कुणाकडे आहेत आणि काही बिघडले तर कुणाला फोन करायचा, याच्या नोंदी सगळ्यांसाठी उघड्या ठेवणारे कार्यालय म्हणजे वहिनींचे कार्यालय. त्यांचा दीर तिथे आधी लागला होता, म्हणून त्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या वहिनी. दीर नोकरी सोडून गेला, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. साहेबसुद्धा त्यांना वहिनी म्हणत आणि साहेबांची बायकोही.

‘‘त्याच पत्त्यांवर खाली आणखी एक नोंद दिसतेय बघा,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘छोट्या कंपनीची. तिथला नंबर लावा.’’

‘‘ती पाहिली मी. पण तिच्यावरची तारीख किती जुनी आहे. ती कंपनी तरी जिवंत असेल का?’’

‘‘जिवंत आहे. नंबर परवाच बदललाय त्यांनी, माझ्यासमोर. तारीख तेवढी बदलायला विसरले.’’

दुपारी त्याचा पुन्हा फोन आला. नंबर लागला, पलीकडच्या पोरीने ते यंत्र लगेच बंद केले, फोटो पोहोचले, आजींना ऑपरेशनला आत घेतले होते. आभार मानून झाल्यावर तो जरा थांबला.

‘‘एक विचारू का? मला तुम्ही भेटलात म्हणून निभावलं. ज्याला तुम्ही भेटणार नाही, त्यानं काय बघून ठरवायचं?’’

‘‘बघते काय करता येतं ते,’’ वहिनी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी ती पुढच्या वर्षाची नोंद पुन्हा उघडली.

प्रश्न त्यांना नवा नव्हता. नोंदीच्या खाली एक ओळ असे: बदल कुणी केला आणि कधी. ती ओळ ज्याची नोंद त्यानेच लिहायची, हा सुरुवातीपासूनचा रिवाज. तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते. आता ओळखीची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. कुणी तारीख लिहायची विसरे, कुणी शेजाऱ्याची नोंद उतरवताना त्याची तारीखही उतरवे आणि कुणी हुशारीने पुढची तारीख घाली, म्हणजे नोंद कायम ताजी दिसावी.

संध्याकाळी त्यांनी हे नवऱ्याला सांगितले. नवरा रंगारी. घरे, शाळा, दुकाने रंगवत आयुष्य गेलेले. तो नखांतला हिरवा रंग रॉकेलच्या बोळ्याने काढत बसला होता.

‘‘त्यात काय,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याकडे रोजचंच आहे. घर विकायचं असलं की लोक बोलावतात. वरून हात मारून घेतात. भिंत कोरी करकरीत. आतली ओल आत.’’

‘‘अहो, पण घेणाऱ्यानं ओळखायचं कसं?’’

‘‘ज्यानं काम केलं त्याला विचारायचं. मालकाला कशाला विचारायचं?’’

वहिनींच्या हातातला चमचा तसाच राहिला. ‘‘ज्यानं काम केलं,’’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. नोंद बदलण्याचे काम शेवटी यंत्रच करत होते. मालक फक्त सांगत होता.

दुसऱ्या दिवशी त्या मौनीच्या टेबलाशी गेल्या. मौनी हा कार्यालयाचा प्रोग्रामर. दिवसाला चार वाक्ये बोलला तर लोक त्याला बरे नाही का विचारत.

‘‘हातानं लिहायची ती ओळच काढायची. नोंद बदलली की तारीख यंत्रानंच टाकायची,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘माणसाला हात लावता येणार नाही अशी. जमेल?’’

मौनीने मान डोलावली.

‘‘आणि जुन्या नोंदींचं काय?’’

त्याने पडद्यावर एक जुनी यादी उघडली. मग म्हणाला, ‘‘आहे सगळं. जुन्या बॅकअपमध्ये. प्रत्येक बदल आला तेव्हा यंत्रानं वेळ टिपलीय. कुणी विचारलंच नाही.’’

‘‘आणि जिथे टिपलेली नसेल?’’

‘‘तिथे रिकामं ठेवायचं. अंदाज नाही लिहायचा.’’

वहिनींनी ही गोष्ट नंतर घरी सांगितली ती अशी, की आज मौनीने भाषण केले.

साहेबांनी प्रस्ताव सभासदांपुढे, म्हणजे ज्यांच्या नोंदी होत्या त्यांच्यापुढे, ठेवायला सांगितले. या कार्यालयात सगळे सभासदांच्या संमतीने चाले. पत्रांवर पत्रे आली. बहुतेकांना पसंत होते. पुढची तारीख घालणाऱ्या कंपनीने तर सर्वांत आधी पाठिंबा दिला, जणू तारीख दुसऱ्याच कुणी घातली होती. विरोध आला तो एकट्या खांबकाकांचा. पण तो एकटा शंभरांना भारी होता.

खांबकाका म्हणजे अगदी पहिल्या सभासदांपैकी. स्वतःच्या खांद्यावरून खांब वाहून त्यांनी गावाला इंटरनेटची लाइन आणली होती. त्यांचे पत्र दोनच वाक्यांचे होते: ‘नोंद माझी आहे. तिच्यातली ओळ कुणी पुसू नये.’ पुढे कारण नाही, काही नाही. आणि त्यांचा मान असा की एकेक जण माघार घेऊ लागला. काका नको म्हणतात ना, मग राहू द्या.

‘‘मी जाऊन येते,’’ वहिनी साहेबांना म्हणाल्या.

‘‘वाद घालू नका त्यांच्याशी. कुणी जिंकलेलं नाही अजून.’’

‘‘वाद कोण घालतंय. विचारून येते.’’

खांबकाकांचे घर म्हणजे अर्धे घर आणि अर्धी कार्यशाळा होती. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगची सळई, खिडकीत तारांची भेंडोळी आणि त्यांतच एका भेंडोळ्यावर मांजर झोपलेले. काकांनी त्यांना बसायला सांगितले आणि स्वतः उभेच राहिले.

‘‘समजावायला पाठवलंय तुम्हाला?’’

‘‘नाही. मीच आले. काका, तुमची तारीख खरी आहे, मला माहीत आहे. तुम्हाला खोटं लिहायची गरज नाही. मग यंत्रानं लिहिली तर बिघडलं कुठे?’’

काका खिडकीशी गेले. मांजराला उचलून त्यांनी खाली ठेवले. ते पुन्हा वर चढले.

‘‘तारखेचं मला काही नाही,’’ ते अखेरीस म्हणाले. ‘‘ती ओळ तुम्ही वाचलीत का नीट? तारखेच्या आधी काय आहे?’’

‘‘बदल करणाऱ्याचं नाव.’’

‘‘कुणाचं?’’

वहिनींना एकदम समजले. काकांच्या बायकोचे ते नाव त्यांनी कितीदा तरी पाहिले होते आणि एकदाही वाचले नव्हते.

‘‘खांब मी रोवले,’’ काका म्हणाले. ‘‘कागदाचं, नोंदीचं सगळं ती बघायची. मला टायपिंग येत नव्हतं, अजून येत नाही. ती गेल्यावर घर तिच्या नावावर होतं ते माझ्या नावावर आलं, बँकेतून तिचं नाव गेलं, दाराच्या पाटीवर तर आधीच माझं. आता जगात कुठे बघितलं तर तिचं नाव तेवढं एका ठिकाणी आहे. ते तुमच्याकडे. म्हणून मी ती नोंद बदलतच नाही. नंबर बदललाय माझा, तरी नाही बदलत.’’

रुग्णालयाच्या त्या माणसाचा फोन वहिनींच्या मनात आला. उद्या कुणी असाच अडला आणि त्याने काकांचा नंबर फिरवला तर? पण ते तोंडावर सांगायला त्यांची जीभ धजेना. मग वाटले, न सांगणे हे तर त्याहून वाईट.

‘‘काका, तुमचा नंबर चुकीचा आहे हे काकूंना चाललं असतं का?’’

काकांनी चमकून पाहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या.

‘‘सालटी काढली असती माझी,’’ ते म्हणाले.

‘‘तारखेची ओळ जाईल. ती ठेवते असं खोटं नाही सांगत. पण नोंदीत शेऱ्याची एक जागा असते. ती मालकाची. तिथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवायचं, आम्ही हात लावत नाही.’’

‘‘शेरे मारायची सवय तिला होती,’’ काका म्हणाले. ‘‘मला नाही.’’ आणि आता कुठे ते खुर्चीवर बसले. ‘‘चहा घ्याल ना? कप तेवढा धुवावा लागेल.’’

सभा झाली तेव्हा काका मागच्या रांगेत होते. प्रस्ताव वाचून झाला, सगळ्यांच्या माना आपोआप मागे वळल्या. काका म्हणाले, ‘‘माझ्याकडे काय बघताय? करा की.’’ सभागृहात हसू पसरले आणि प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

पुढचे काही महिने वहिनी आणि मौनी जुने बॅकअप उपसत होते. मौनी त्या काळात इतका बोलका झाला की एकदा त्याने स्वतःहून हवेबद्दल मत दिले. ज्या दिवशी नव्या ओळी सुरू झाल्या, त्या दिवशी वहिनींच्या नवऱ्याने कार्यालयात केक पाठवला. त्याच्यावर आजच्याऐवजी चुकून कालची तारीख पडली होती. सगळ्यांनी ती खाऊन दुरुस्त केली.

केक संपत आला होता तेव्हा खांबकाका आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. ‘‘माझी नोंद काढा,’’ ते म्हणाले.

वहिनींनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवले. नोंदीत आता दोन तारखा होत्या, दोन्ही यंत्राने दिलेल्या: नोंद पहिल्यांदा केव्हा झाली ती, आणि शेवटचा बदल केव्हा झाला ती. काकांनी चष्मा पुसून पहिली तारीख वाचली.

‘‘हा वार कुठला येतो?’’

मौनीने पाहिले. ‘‘मंगळवार.’’

काका हळूहळू हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, वहिनींनी पाणी दिले.

‘‘जन्मभर भांडलो,’’ ते म्हणाले. ‘‘मी म्हणायचो, लाइन आली, नोंद झाली तो बुधवार. ती म्हणायची मंगळवार, बुधवारी तुम्ही झोपा काढत होतात. लेकीच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांसमोर हाच वाद. मी कधी मान्य केलं नाही.’’ त्यांनी डोळे पुसले, पण चेहऱ्यावरचे हसू गेले नव्हते. ‘‘तुमचं यंत्रही तिच्याच बाजूनं.’’

मग ते एका बोटाने टाइप करू लागले. आधी नवा नंबर. तो त्यांनी दोनदा ताडून पाहिला. मग शेऱ्याची जागा. वहिनींनी अक्षरे शोधून द्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो हलकेच बाजूला सारला. बोट अक्षरावर फिरे, थांबे, उतरे. ओळ पूर्ण झाली: ‘पहिली नोंद माझ्या पत्नीने केली.’ पुढे तिचे पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

‘‘आता?’’

‘‘आता हे बटण. दाबलंत की आजची तारीख पडेल. आपोआप.’’

काकांनी बोट बटणावर नेले, आणि मागे घेतले. खुर्ची सरकवून ते उठले, सदरा खाली ओढून सारखा केला, आणि उभे राहून त्यांनी बटण दाबले.

मौनीही उभा राहिला होता. हातातली केकची बशी त्याने केव्हाच खाली ठेवली होती.